बदललेली सही

इव्हान पावलोव्ह म्हटले की आपल्याला घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. त्यांचे त्याआधीचे एक काम मात्र फारसे कुणी सांगत नाही. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतात न जाऊ देता थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत वळवायचे, अशी शस्त्रक्रिया १८७७ मध्ये एका रशियन शल्यविशारदाने कुत्र्यांवर केली होती. पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट पीटर्सबर्गला तीच पुन्हा केली आणि वाचलेल्या कुत्र्यांवर बारीक लक्ष ठेवले. त्यांनी जे पाहिले ते १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब स्वभावाची कुत्री चिडकी झाली होती. मांस खाल्ले की त्यांचे पाय लटपटत, झटके येत, काही तर बेशुद्ध पडत. मेंदूला कुणी हातही लावला नव्हता. रक्ताने यकृताची वाट सोडली होती, एवढेच.

काविळीचा विषय निघाला की मला हा प्रयोग आठवतो. आपण रोग्याचे डोळे पाहतो, लघवीचा रंग विचारतो. त्याच्या बोलण्याकडे कुणाचे लक्ष नसते.

काविळीच्या विषाणूने यकृत निकामी होऊ लागले की माणसातही असेच घडते. अन्नातल्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. यकृताला ते जमेनासे झाले की अमोनिया रक्तातून मेंदूत पोचतो. तिथे चेतापेशींच्या शेजारी तारकापेशी असतात. एका चेतापेशीने दुसरीला निरोप दिला, की त्यासाठी वापरलेले ग्लुटामेट उचलून जागा मोकळी करणे हे त्यांचे रोजचे काम. आता त्याच पेशी ग्लुटामेटला अमोनिया जोडतात आणि त्याचे ग्लुटामाइन करून स्वतःत साठवतात. त्यापायी त्या पाणी धरून फुगतात, रोजचे काम मागे पडते आणि निरोपांचा गोंधळ उडतो. चेतापेशी मात्र बहुधा जिवंत असतात. म्हणूनच वेळेवर उपचार मिळाले तर बरळणारा माणूस पुन्हा घरच्यांना नावाने हाक मारू शकतो. मला हे फार मोठे आश्वासन वाटते.

हा गोंधळ एकदम येतोच असे नाही. दिवसा झापड, रात्री टक्क जाग. साधा शब्द आठवत नाही. सही वेडीवाकडी होते, आणि म्हणूनच काही डॉक्टर अशा रोग्याकडून रोज सही करून घेतात किंवा कागदावर चांदणी काढून घेतात. हात पुढे करून मनगटे वर धरायला सांगितली तर पंजे पंखांसारखे फडफडतात. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, झोप झाली नसेल. कुणी कळवळ्याने झोपेची गोळीही देते. अशा वेळी ती गोळी जिवावर बेतू शकते.

अशी वेळ आणणारा एक विषाणू एका जुन्या साथीतून उजेडात आला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गरोदर बायकांचे हाल सर्वांत वाईट झाले. त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोर्शेद पावरी, त्यांचे सहकारी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते तपासले. हा आजार हिपॅटायटिस ए नव्हे आणि बीही नव्हे, हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या आपोआप बऱ्या होतात. श्रेय मात्र काविळीवर उतारा म्हणून गळ्यात घातलेल्या माळेला मिळते, आणि तो विश्वास पुढच्या रोग्याच्या मुळावर येतो.

घरात कुणाला कावीळ असेल, त्यातही गरोदर बाईला असेल, तर रोग्याजवळ बसून बोला. आज वार कोणता ते विचारा, एक सही करून घ्या. उत्तर अडखळले किंवा अक्षर बदललेले दिसले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच रात्री रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्या.