प्रतिबंधक, उत्तेजक आणि थंड इंजिन

भारतीय दर्शनांपैकी न्यायशास्त्रात कारण ठरण्यासाठी दोन अटी सांगितल्या आहेत: कार्याच्या आधी ते नियमाने असले पाहिजे, आणि ते 'अन्यथासिद्ध' असता कामा नये, म्हणजे ज्याला वगळूनही कार्याची उपपत्ती लागते अशा उपऱ्या गोष्टींत ते मोडता कामा नये. सतराव्या शतकातील नैयायिक, म्हणजे न्यायमताचा पंडित, विश्वनाथ पंचानन याने घटासाठी माती वाहून आणणाऱ्या गाढवाची गणना अशा उपऱ्यांत केली, कारण माती दुसऱ्या कशावरूनही आणता येते. परंतु जी गोष्ट एरवी लागत नाही, आणि लागते तेव्हा मात्र तिच्यावाचून कार्य अडून बसते, तिला कारण म्हणावे की गाढवाच्या पंक्तीला बसवावे, हे या दोन अटींवरून लगेच ठरत नाही. जुन्या डिझेल ट्रॅक्टरवरचा हीटर प्लग ही नेमकी अशी वस्तू आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनलेल्या मॅसी फर्ग्युसन 35 या ट्रॅक्टरला 1959 पासून पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसू लागले. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. कडाक्याच्या थंडीत मात्र सिलिंडरचे गार लोखंड ही उष्णता शोषून घेते, गारठलेल्या बॅटरीमुळे स्टार्टर मंद फिरतो, दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांजवळून निसटायला अवधी मिळतो, आणि धुराड्यातून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर तेवढा निघत राहतो. यावर उपाय म्हणून हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये 'थर्मोस्टार्ट' नावाचा प्लग बसवलेला असतो. चावी काही सेकंद 'हीट'च्या खुणेवर धरली की त्याची तार लाल होते, तापलेली नळी प्रसरण पावते, आतली बारीक गोळी आपल्या बैठकीवरून सुटते आणि थेंब थेंब येणारे डिझेल वाफ होऊन मॅनिफोल्डमध्येच पेटते. सिलिंडरला मग गरम हवा मिळते. इंजिन एकदा धडधडू लागले की प्लगचे काम संपते.

अशा प्रसंगापुरत्या लागणाऱ्या गोष्टीला कारण म्हणावे का, या प्रश्नाला भारतीय दर्शनांत जुना इतिहास आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला असता अग्नी पेटलेला दिसूनही जाळत नाही, हे त्या काळी सर्वमान्य असलेले उदाहरण घेऊन मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी असा युक्तिवाद केला की अग्नीच्या दृश्य रूपात काहीच बदललेले नसल्यामुळे त्याची अदृश्य 'शक्ती' कुंठित झाली असे मानणे भाग आहे. नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हे अमान्य केले. त्यांच्या मते मणी हा 'प्रतिबंधक', म्हणजे कार्य अडवणारा, असून त्याचा अभाव हेदेखील दाहाच्या कारणांपैकी एक कारण आहे. तेवढ्याने काम भागत असता शक्ती नावाचा वेगळा पदार्थ कल्पिणे हा निष्कारण विस्तार होय. यावर आक्षेप असा की दुसरा एक, 'उत्तेजक' मणी आणला तर पहिला मणी तिथे असूनही अग्नी जाळतो. मग प्रतिबंधकाचा अभाव कारण कसा? नैयायिकांनी उत्तरात आपले विधान नेमके केले: उत्तेजकाची साथ नसलेला जो प्रतिबंधक, त्याचा अभाव म्हणजे कारण. शब्दांचा हा घोळ पहिल्या वाचनात कोणालाही पांडित्याचा अतिरेक वाटेल.

ट्रॅक्टरपाशी मात्र तो घोळ उरत नाही. उन्हाळ्यात प्रतिबंधकच नसतो, म्हणून प्लग निकामी असला तरी कोणाला पत्ता लागत नाही. पहाटेच्या हिमात थंडी असते आणि उत्तेजक नसतो, म्हणून इंजिन पेटत नाही. थंडी तशीच असताना प्लग चालू केला की पेटते. हीटर प्लग गाढवाच्या वर्गात बसत नाही, आणि डिझेलसारखे सार्वकालिक कारणही तो नाही. तो उत्तेजक आहे.

प्लग बदलण्याची रीतही याच विचाराने चालते. प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडावी, मग प्लगची विजेची तार आणि डिझेलची बारीक नळी काढून प्लग पान्याने अलगद सोडवावा, आणि बाहेरच त्याला 12 व्होल्टची वीज देऊन पाहावे. तार लाल झाली नाही तर दोष तिथेच आहे. झाली, तर तो वायरिंगमध्ये, स्विचमध्ये किंवा डिझेलच्या नळीत शोधावा लागतो. नवा प्लग बसवल्यावर नळीत डिझेल भरल्याची खात्री न करता चावी फिरवणे घातक, कारण कोरडी तार जळून जाते. दोष शोधण्याच्या या रीतीलाच शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात: एक असता दुसरे असणे, आणि नसता नसणे. 'इंजिनाची ताकदच गेली' असे म्हणणारा शक्तिवादी चुकीचे बोलतो असे नाही, पण पाना कुठे लावायचा हे त्याच्या सिद्धांतातून कळत नाही.

तरीही न्यायमताला एक मर्यादा मान्य करावी लागते. थंडी हा मण्यासारखा स्वतंत्र पदार्थ नसून उष्णतेची उणीव आहे, आणि उणीव कमी-अधिक असू शकते. अभावाच्या भाषेत मात्र गोष्ट एकतर असते किंवा नसते. झिजलेल्या रिंगांचे इंजिन भर मे महिन्यातही प्लगवाचून कुरकुरते, तेव्हा अडवणारी गोष्ट थंडी नसून दाबाची गळती असते, आणि नवा प्लग तो दोष काही काळ झाकून ठेवतो. म्हणून उत्तेजकाने कार्य झाले एवढ्यावरून प्रतिबंधक कोणता होता हे सिद्ध होत नाही. ते ठरवण्यासाठी सिलिंडरमधला दाबच मोजावा लागतो.