वकिलांची संस्था कोणासाठीं?

एका धंद्याच्या लोकांनीं एकत्र येऊन संस्था काढावी, यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तिनें राखण कोणाची करावी: सभासदांची, कीं ज्या कर्तव्यासाठीं त्यांस सनद मिळाली त्या कर्तव्याची? सुतारांच्या संघानें आपल्या मजुरीची काळजी वाहिली, तर त्यास कोणी नांवें ठेवणार नाहीं. वकिलाची गोष्ट निराळी. त्याच्या हातीं दुसऱ्याची जमीन, अब्रू, प्रसंगीं प्राणहि असतात.

1926 च्या कायद्यानें निरनिराळ्या हायकोर्टांसाठीं बार कौन्सिलें निघालीं; परंतु शिक्षेचा अखेरचा अधिकार हायकोर्टाकडेच राहिला. 1961 च्या कायद्यानें तो वकिलांनीं निवडलेल्या राज्य-कौन्सिलांकडे व त्यांवरील अखिल भारतीय कौन्सिलाकडे दिला. शेवटचें अपील सुप्रीम कोर्टांत. आरोपी वकील आणि चौकशी करणारेहि वकीलच!

ह्या व्यवस्थेची कसोटी मुंबईंतच लागली. एस्प्लनेडच्या फौजदारी कोर्टांच्या दारांत कांहीं वकील अशिलांवर झडप घालतात, अशी तक्रार 1964 सालीं हायकोर्टाकडून राज्य-कौन्सिलाकडे आली. कौन्सिलानें चौकशीअंतीं त्यांच्या सनदा तीन वर्षें तहकूब केल्या. वरिष्ठ कौन्सिलाच्या समितीनें नियमाच्या शब्दांचा कीस काढून त्यांस दोषमुक्त केलें. तेव्हां राज्य-कौन्सिल आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध सुप्रीम कोर्टांत गेलें. तुमचें यांत नुकसान तें काय, असा आक्षेप निघाला. 1975 सालीं सात न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, धंद्याची इभ्रत राखणें हें कौन्सिलाचें कर्तव्यच असल्यामुळें त्यास अपिलाचा अधिकार पोंचतो. आणि त्याच वर्षीं नियमाचा तो संकुचित अर्थहि कोर्टानें नाकारला.

मग हा अधिकार वकिलांकडून काढूनच कां घेऊं नये, असें कोणी विचारील. उत्तर इतिहासांत आहे. सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या करणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांवर 1919 सालीं मुंबई हायकोर्टांत शिस्तीची कारवाई चालली. ज्याची सनद सत्तेच्या मर्जीवर अवलंबून, तो सत्तेविरुद्ध अशिलाची बाजू निर्भयपणें कशी मांडणार? म्हणून स्वायत्तता हवीच. पण ती अशिलाच्या हितासाठीं हवी, वकिलाच्या सोयीसाठीं नव्हे.

आमच्या इगतपुरीस थळ घाट चढून येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनें रेटा देतात. आणि त्याच घाटांत ब्रेक सुटलेल्या गाडीला अडविण्यासाठीं चढावाचा निराळा फांटाहि ठेविलेला असतो. रेटा देणाऱ्यांनींच आवरण्याचीहि तजवीज केली, म्हणूनच उतारू निश्चिंतपणें झोंप घेतो. तालुक्यांतून दाव्यासाठीं नाशकास जाणाऱ्या शेतकऱ्यास बार कौन्सिलाचें नांवहि ठाऊक नसेल. पण वकिलांना संपाचा हक्क नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें 2002 सालीं सांगितल्यावरहि, बहिष्कारामुळें त्याला नुसती पुढची तारीख घेऊन परतावें लागलें, तर त्याचा दिवस व गाडीभाडें कोणी भरून द्यावें? हा हिशेब संस्थेनें न विचारतां मांडला पाहिजे. तो जी मांडील, तिलाच आपल्या सभासदांचा न्याय स्वतः करण्याचा नैतिक अधिकार आहे, असें आम्हांस वाटतें.