असईची माती, साठ मिलिमीटरभर

खुर्ची टेबलाजवळ ओढून घ्या. पंखा बंद करा, नाहीतर बारीक वाळू उडेल. समोर एकच बेस ठेवा: साठ मिलिमीटर लांब, तीस रुंद, दोन मिलिमीटर जाडीचं एमडीएफ. त्यावर युद्धखेळातले चोवीस सैनिक रंगवून चिकटवलेले आहेत. प्रत्येकाची उंची सहा मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी.

ब्रश उचलू नका अजून. नुसतं पाहा.

हे सैनिक चार-चारच्या पट्टीत ओतलेले आहेत, आणि प्रत्येक पट्टीची कड पायरीसारखी वर आलेली आहे. माणसं जमिनीवर उभी नाहीत, ओट्यावर उभी आहेत. डगल्याचे रंग, छातीवरचे पट्टे कितीही सुबक असोत, ही पायरी दिसते तोवर ते धातूचे तुकडेच राहतात. पहिलं काम ती पायरी जिरवण्याचं.

टूथपिकच्या टोकावर थोडी पुट्टी घ्या. दोन पट्ट्यांमधल्या फटीत सोडा. ओलसर ब्रशनं तिला उतार द्या. घोट्यापाशी आलात की थांबा. मग पुढची फट. थोड्या वेळानं हात आपसूक मंदावेल; त्याला तसंच चालू द्या.

पुट्टी वाळेपर्यंत मापाचा विचार करा. इथे एक मिलिमीटर म्हणजे जवळपास एक फूट. साध्या वाळूचा एक कण या माणसांच्या पायाशी फूटभराचा धोंडा होऊन बसतो. अशा रानातून कुठली पलटण रांग धरून चालेल? म्हणून वाळू मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडते तेवढीच वापरा. मोठ्या बाहुल्यांसाठी मिळणारे गवताचे तयार झुबके इथे गवत म्हणून चालत नाहीत, कारण सहा मिलिमीटरचा झुबका सैनिकाच्या डोक्याला लागतो. पण तो फेकू नका. ज्वारी तेवढीच वाढते.

आता डोळे मिटा आणि ही माणसं कुठे उभी आहेत ते ठरवा. माझी असईला उभी आहेत. जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधली जमिनीची चिंचोळी जीभ, २३ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांचं मराठा सैन्य यांच्यातल्या लढाईचा दिवस. पावसाळा सरत आलेला. खरीप शेतात उभा असण्याचे दिवस. काळी माती, ओली असली तर पायाला गोळे होऊन चिकटणारी. ती तळव्याखाली आठवून पाहा. घाई नाही.

वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करणारा विल्यम सायबोर्न १८३० मध्ये तिथल्याच ला हाए सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि त्यानं सगळी जमीन मोजली. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, तेव्हा तुमची पलटण कुठे होती याबरोबरच तिथे पीक कसलं होतं हेही विचारलं. सत्तर हजारांहून अधिक बारीक सैनिकांची ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आली. मला त्या हजारो सैनिकांपेक्षा त्याचा पिकाबद्दलचा प्रश्न मोठा वाटतो.

डोळे उघडा. फेविकॉल पाण्यात सैल करून पसरा, वाळू भुरभुरा, जास्तीची झटका. वाळली की रंग. काळ्या मातीसाठी काळा रंग घेऊ नका. बेस डोळ्यांपासून हातभर, साठेक सेंटिमीटरवर आहे. या मापात ते एकशे ऐंशी मीटर झालं. शिवारात तेवढ्या अंतरावरचं ढेकूळ काळं दिसत नाही, राखाडी-तपकिरी दिसतं, आणि उन्हात आणखी फिकं. गडद तपकिरी आधी द्या. मग ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फिक्या रंगाचा हलका हात वरून फिरवा. उंचवटे उजळतील, खळगे खोल राहतील.

गवत सगळीकडे नको. जिथे पाय पडले आहेत तिथे मातीच राहू द्या. कडेला, पलटण अजून पोहोचली नाही तिथे, हिरवं. दिवाळीच्या किल्ल्यावर ओल्या मातीत अळीव पेरून हिरवळ उगवायची वाट पाहिली होती ना? माझ्या या कामाची सुरुवात तिथेच झाली.

आता दुसरा बेस घ्या. हा शिंद्यांच्या कवायती पलटणीचा, मघाचा वेलस्लीच्या पलटणीचा. रंगाची वाटी तीच ठेवा. एका बाजूसाठी एक माती आणि दुसरीसाठी दुसरी, असे बेस मी पाहिले आहेत आणि ते मला चुकीचे वाटतात. त्या दुपारी एकट्या वेलस्लीच्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. शिंदे-भोसल्यांचेही पुष्कळ पडले. सगळे एकाच शिवारात. म्हणून दोन्ही सैन्यांचे बेस एकाच बैठकीत, एकाच वाटीतून, आलटून पालटून रंगवा. कोणता कोणाचा हे क्षणभर विसरलात तरी चालेल.

शेवटी कड. चारही बाजूंनी तोच तपकिरी रंग, एका हातानं, सलग.

बेस कागदावर ओळीनं ठेवा, दिवा मालवा. गवताखालचं फेविकॉल अजून ओलं आहे. सकाळपर्यंत हात लावू नका.