प्रयत्न कोणता आणि दुराग्रह कोणता?

कर्म धरणे एक वेळ सोपे, सोडणेही सोपे. पण कोणते धरावे आणि कोणते सोडावे, हे ठरविणे कठीण आहे. येथे भलेभले ज्ञातेही गोंधळतात, असे भगवंतांनी चौथ्या अध्यायात सांगितले आहे. गृहस्थाच्या जीवनात हा प्रश्न रणांगणावर उभा राहत नाही. तो मुलाच्या शिक्षणाच्या वा नोकरीच्या रूपाने घरातच येतो.

कोलकात्यातील बालीगंज येथे राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न असाच आहे. त्यांचा मुलगा नोकरी सांभाळून दोनदा व्यवस्थापन-शिक्षणाच्या ‘कॅट’ परीक्षेस बसला. दोन्ही वेळा यश चांगले आले, परंतु जोका येथील आयआयएममध्ये प्रवेश मिळण्याइतके नाही. दुसऱ्या एका संस्थेत जागा मिळत आहे आणि शुल्क भरण्याची मुदत जवळ आली आहे. वडिलांचे मत असे, की नोकरी सोडून आणखी एक वर्ष द्यावे. आई म्हणते, आता पुरे. मुलगा काहीच बोलत नाही. गृहस्थ विचारतात, ‘फळाची आशा सोडावयाची, तर पुन्हा परीक्षा कशाला? आणि प्रयत्न सोडावयाचा नाही, तर थांबावे केव्हा?’

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. फलासक्ती सोडणे म्हणजे परिणामाचा विचार सोडणे नव्हे. अठराव्या अध्यायात दोन दोष दाखविले आहेत. कष्टाच्या भयाने कर्म टाकणे हा राजस त्याग होय. त्याने त्यागाचे फळ मिळत नाही. उलट अनुबंध, क्षय, हिंसा व पौरुष यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. म्हणजे भिऊन थांबणेही चूक आणि डोळे मिटून धावणेही चूक. म्हणून या चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारा परिणाम. कॅटचा निकाल इतरांच्या तुलनेने, पर्सेंटाइलमध्ये लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी या परीक्षेस बसले. त्यांत ९८ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या बरोबरीने वा पुढे सुमारे ५,८०० जण असतात. शिवाय निवडीत दहावी-बारावीचे गुण आणि मुलाखतही धरली जाते. कॅट कितीही वेळा दिली तरी दहावीचे गुण बदलत नाहीत. तेव्हा उणीव नेमकी कोठे राहिली, हे आधी शोधावे. ती परीक्षेत असेल तर पुन्हा बसण्यास अर्थ आहे. अन्यत्र असेल तर तेच औषध पुन्हा घेण्यात लाभ नाही.

क्षय म्हणजे खर्च. येथे धनापेक्षा वयाचे वर्ष अधिक मोलाचे. ही परीक्षा किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. परीक्षा कोणालाही ‘आता थांब’ म्हणत नाही. ती मर्यादा ज्याची त्यानेच घालावयाची असते. नोकरी टिकवून अभ्यास होत असेल, तर ती सोडण्याची घाई करू नये.

हिंसा केवळ शस्त्राने होत नाही. शेजारच्या मुलाचे उदाहरण रोज जेवताना ऐकविणे हीही हिंसाच. १९६१ साली देशातील पहिली आयआयएम याच शहरात स्थापन झाली. तिचे नाव घरात लागावे असे पित्यास वाटणे स्वाभाविक आहे. पण ती इच्छा मुलाची आहे की आपली, हे त्याने एकांतात स्वतःस विचारावे. मुलाचे मौन ही संमती समजू नये.

पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य. एकशे वीस मिनिटांत तीन विभाग, प्रत्येकास चाळीस मिनिटे. यांपैकी एखादाच विभाग कच्चा राहिला असेल, किंवा आजारपणामुळे अभ्यास अपुरा झाला असेल, तर आणखी एक प्रयत्न उचित आहे. दोन्ही वेळा पूर्ण शक्ती लावूनही फळ तेच आले असेल, तर मिळत असलेली जागा भगवंताचा प्रसाद मानून घ्यावी.

आता निर्णय कोणाचा? सातशे श्लोकांच्या गीतेत सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनावर आज्ञा लादली नाही. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे सांगितले. सर्वज्ञ गुरूने जे स्वातंत्र्य शिष्यास दिले, ते पित्याने पुत्रास द्यावयास नको काय? पित्याने आपला अनुभव, घरची सांपत्तिक स्थिती आणि आपली भीतीही मोकळेपणाने सांगावी, आणि मग स्वस्थ बसून मुलाचे ऐकावे.

मुलाने पुन्हा बसण्याचे ठरविले, तर हा अखेरचा प्रयत्न असे आधीच निश्चित करून उत्साहाने अभ्यास करावा. नव्या संस्थेत जाण्याचे ठरविले, तर पहिल्या दिवसापासून सर्व मन तेथे द्यावे. देहाने एका वर्गात आणि मनाने दुसऱ्या दारात उभे राहणे, शोक व विषाद धरून ठेवणे, हीच ती तामस धृती. यश आले तरी घराचे प्रेम तेवढेच आणि न आले तरी तेवढेच, असे ज्या घरात मुलास ठाऊक असते, त्या घरात समत्वयोगाचा अभ्यास सुरू झाला, असे जाणावे.