मघाशी होती, आत्ता नाही

जुना माइक प्रीअँप दुरुस्तीच्या टेबलावर आला की हमखास शहाण्यासारखा वागतो. गायकाची तक्रार असते की तार षड्जाला आवाज मधूनच फाटतो, खरखरतो आणि काही न करता पुन्हा ताळ्यावर येतो. टेक्निशियन एक किलोहर्ट्झचा सूर आत सोडतो, ऑसिलोस्कोपवर बघतो. लाट गुळगुळीत, माथा कुठेही छाटलेला नाही. मालक ओशाळतो. “मघाशी होती हो खरखर.” टेक्निशियन मान हलवतो. “असेल. पण आत्ता नाही.” दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबावी, तसला प्रकार.

आता ‘आत्ता नाही’ हे वाक्य वाटतं तितकं भोळं नाही. जमिनीवर घडा नाही, हे माणसाला कळतं तरी कशाने, यावर भारतीय दर्शनांत पिढ्यानपिढ्या वाद झाला. जमीन डोळ्यांना दिसते. नसलेला घडा डोळ्यांना काय दिसणार? कुमारिल भट्टाच्या मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानेच कळतो. प्रभाकराच्या अनुयायांना अभाव नावाची वस्तूच मान्य नव्हती. त्यांच्या लेखी तिथे रिकामी जमीन होती आणि विषय संपला.

या वादात योग्यतेची अट मात्र पुन्हा पुन्हा येते, आणि दुरुस्तीच्या टेबलाशी तिचंच नातं आहे. घडा असता तर दिसला असता, असं म्हणता येईल तेव्हाच त्याचं न दिसणं काही सिद्ध करतं. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्याने काहीच ठरत नाही. याच संदर्भात पंडित पिशाचाचं उदाहरण द्यायचे. पिशाच मुळात दिसणारी वस्तूच नाही; म्हणून खांबावर ते दिसलं नाही, एवढ्यावरून ते तिथे नाही असं म्हणता येत नाही. अधूनमधून फाटणारा आवाज या दोहोंच्या मधे बसतो. तो कधी घड्यासारखा समोर असतो, कधी पिशाचासारखा गायब. टेक्निशियनने दहा मिनिटं ऐकलं आणि काही आलं नाही, याचा अर्थ दहा मिनिटं काही आलं नाही, एवढाच.

प्रीअँपचं कामही नाजूक. माइकमधून येणारा विद्युतदाब मोजक्या मिलिव्होल्टचा. साठ डेसिबल वाढ म्हणजे तो हजारपट करायचा. वाटेत स्विच, सॉकेट, कार्डाच्या कडेचे पितळी-सोनेरी दात आणि डझनावारी सोल्डरचे ठिपके. कुठल्याही सांध्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरला की एवढासा सिग्नल तिथे अडखळतो. मोठा सिग्नल मात्र तो पापुद्रा फोडून पलीकडे जाऊ शकतो. म्हणून चाचणीसाठी कुणी दणदणीत सूर सोडला, तर त्या दणक्यानेच सांधा तात्पुरता मोकळा होतो. कार्ड स्लॉटमधून ओढून परत बसवलं, तरी दात घासले जाऊन साफ होतात. तपासायला गेलेल्या माणसाच्या हातूनच पुरावा पुसला जातो! आणि मग चिठ्ठीवर लिहिलं जातं: दोष आढळला नाही.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या आतला कागद द्रवाने भिजलेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना आडाखा. वर्षानुवर्षं गरम पेटीत राहून तो सुकतो. सुकलेला कॅपॅसिटर थंडीत कुरकुरतो आणि अंगात ऊब आली की पुष्कळदा बरा वागू लागतो. म्हणजे सकाळी सातला आवाज फाटणार, आणि चहा होऊन टेक्निशियन येईपर्यंत सगळं आलबेल. भेगाळलेल्या सोल्डरचं बरेचदा याच्या उलट. थंड असताना सांधा जुळलेला, तापला की उघडा.

न्यायशास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे: उपाधी. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण अग्नी तिथे धूर, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी इंधन ओलं लागतं. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी, नियमाच्या आड लपलेली अट. ‘माइक लावला की खरखर’ हा मालकाचा नियम अर्धवट असतो, कारण त्यातलं ओलं इंधन त्याने बघितलेलंच नसतं. म्हणून चांगला टेक्निशियन आधी प्रश्न विचारतो. पाऊस होता का? यंत्र किती वेळ चालू होतं? ढोलकी शेजारी होती का? मग तो केस वाळवायच्या ड्रायरने कार्डाचा एकेक कोपरा तापवतो, थंड फवाऱ्याने एकच कॅपॅसिटर गारठवतो, विणकामाच्या प्लॅस्टिकच्या सुईने सांध्यांवर हलकेच टकटक करतो. खरखर आली की त्याचा चेहरा खुलतो. मालकाला हे विचित्र वाटतं, पण त्या क्षणी खरखर मिळणं हीच कमाई असते.

नॅशव्हिलमध्ये 1961 च्या सुमारास खरखर हवीशी वाटण्याची ही गोष्ट टोकाला गेली. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनची सहा तारांची बेस गिटार अचानक भुंग्यासारखी घोंगावते. स्टुडिओतल्या कन्सोलच्या एका चॅनलमधल्या प्रीअँपचा ट्रान्सफॉर्मर निकामी होत चालला होता. तो फाटलेला आवाज तसाच ठेवला गेला आणि गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. इतरांनाही तोच आवाज हवासा झाला, पण चॅनलने तोवर कायमची मान टाकली होती. दोष आता दुर्मिळ वस्तू झाला! रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने मग ट्रान्झिस्टर जोडून तोच बिघाड पेटीत बसवला. ती पेटी गिब्सन कंपनीने 1962 मध्ये ‘माइस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आणली, आणि 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधून तिचा आवाज जगभर गेला.

या फाटक्या आवाजाच्या, म्हणजे फझच्या, इतिहासात ही कथा सुदैवी अपघात म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा. अपघात नुसता ऐकून स्नॉडीचं भागलं नाही. पायाने बटण दाबलं की बिघाड हजर आणि पुन्हा दाबलं की गुल, इतका तो त्याला हाताखाली आणावा लागला. कारण असताना कार्य, कारण नसताना कार्य नाही. याला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात. टेबलावरचा टेक्निशियन नेमकं हेच करू पाहतो, फक्त त्याला ती पेटी विकायची नसते. संशयित कॅपॅसिटर बदलून आवाज सुधारला, तरी त्याचं समाधान होत नाही. सुधारणा नव्या कॅपॅसिटरमुळे झाली, की कार्ड काढता-घालताना दात घासले गेल्यामुळे? म्हणून तो जुना कॅपॅसिटर परत बसवतो, कार्ड तेवढ्याच वेळा काढतो-घालतो आणि गारठवतो. खरखर परतली, तर गुन्हेगार सापडला.

तरी शंका उरतेच. चार्वाक म्हणेल, चार वेळा जमलं म्हणून पाचव्यांदा जमेलच कशावरून? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या शंकेखोराला त्याच्या वागण्यावरून पकडलं. जेवायला बसणारा माणूस अन्नाने भूक भागेल का, अशी शंका मनापासून घेत नाही. स्वतःच्या कृतीशी विरोध आला की शंकेची हद्द संपते. श्रीहर्षाने पुढे हाच युक्तिवाद उलटवला: विरोध दाखवायचा तर शंका आधी असायलाच हवी, मग ती थांबली कुठे? टेबलापाशी दोघंही एकाच वेळी खरे वाटतात. टेक्निशियन सोल्डरिंग आयर्न हातात घेतो, तेव्हा ते तापेल याविषयी त्याच्या मनात काही नसतं. पण यंत्र मालकाच्या हवाली करताना तो क्षणभर थांबतो.

यंत्र तीन रात्री टेबलावरच राहतं. पहाटेच्या गारव्यात चालू करून बघितलं, दुपारी तापवून बघितलं, सुईने टकटक केली. लाट गुळगुळीत. चौथ्या दिवशी मालक येतो, हेडफोन लावून ऐकतो, मान डोलावतो. टेक्निशियन काढलेला कॅपॅसिटर प्लॅस्टिकच्या पुडीत घालून त्याच्या हातात देतो.

“झालं ना काम?” मालक विचारतो.

“झालं. पाऊस सुरू झाला की एकदा घेऊन या.”