नवाचं रीडिंग

रेडिओत नोकरी केली असं सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा क्षणभर उजळतो. मग तो माझा आवाज लक्ष देऊन ऐकतो आणि चेहरा पूर्ववत होतो. "बातम्या द्यायचात का?" नाही. "मग नाटकात?" नाही. मी ट्रान्समीटरवर होतो म्हटल्यावर तो "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि पोह्यांकडे वळतो. लग्न ठरवताना सासऱ्यांनीही हीच चौकशी केली होती. त्यांना एवढंच समजलं की नोकरी कायमची आहे आणि गावाबाहेर आहे.

गावाबाहेर ती असायचीच. मीडियम वेव्हचा मनोरा उभा करायला मोकळा माळ लागतो. मनोरा दिसतो तेवढाच नसतो; त्याच्या पायापासून चहूबाजूंना जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात. बाजारात तांब्याचा भाव चढला की रात्री कोणीतरी त्या उपटून न्यायचं. आमचा आवाज श्रोत्यांपर्यंत किती पोचतो हे कार्यक्रमाच्या दर्जाइतकंच मोडीच्या भावावरही अवलंबून होतं.

1976 साली मी रुजू झालो तेव्हा ट्रान्समीटर म्हणजे खोलीभर प्रकरण होतं. आत मोठाले व्हॉल्व्ह. त्यांची फिलॅमेंट आधी तापवायची, मग थोडं थांबून हाय टेन्शन द्यायचं. घाई केली तर व्हॉल्व्ह कामातून जायचा आणि आपण साहेबांच्या मनातून. पहाटे उठून आम्ही त्या कपाटांची मर्जी दिवाळसणाच्या जावयासारखी सांभाळत असू.

आणि दर तासाला रीडिंग. प्लेटचा व्होल्टेज, प्लेटचा करंट, अँटेनाचा करंट असे तीसेक मीटर वाचायचे आणि लॉगबुकात आकडे लिहून सही करायची. आता ह्या सुया संध्याकाळी जिथे असत तिथेच रात्री अकराला असत. पोस्टाच्या खांबासारखं स्थैर्य. पहिले तीन महिने मी इमानाने मीटरपुढे जाऊन उभा राहिलो. चौथ्या महिन्यात मला अक्कल आली. आठाचं रीडिंग घेतलं की नवाचं आणि दहाचंही त्याच बैठकीत लिहून टाकायचं. मग अकरापर्यंत मनुष्य मोकळा. सुई हलतच नाही तर तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघणं हा सुईचाही अपमानच नाही का?

वळवाच्या दिवसांत एकदा 8 वाजून 47 मिनिटांनी वीज गेली. जनरेटरने खोकून प्राण सोडला. 9 वाजून 11 मिनिटांनी वीज परत आली. नियमाप्रमाणे मी पानाच्या तळाशी लिहिलं : '8.47 ते 9.11 प्रसारण पूर्ण बंद.' आणि त्याच पानावर, चार ओळी वर, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनिशी नवाचं रीडिंग होतं. सर्व मीटर ठाकठीक. अँटेना करंट भरपूर. काळोखात मिट्ट बुडालेला ट्रान्समीटर माझ्या वहीत ठणठणीत बोलत होता!

शिफ्टला वरिष्ठ म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काका म्हणत. मी रबर शोधतोय हे त्यांनी पाहिलं. पान फाडायची सोय नव्हती, पानांना नंबर छापलेले. काका जवळ आले, पान वाचलं, आणि ओरडतील ह्या अपेक्षेने मी मान खाली घातली, तर ते म्हणाले, "एक आडवी रेघ मार. शेजारी खरं काय ते लिही, आणि सही कर. आणि गिरबटू नकोस. खोडलेलं वाचता आलं पाहिजे."

"पण काका, हे वाचतंय कोण? वह्या कपाटात जातात, कपाटातून वाळवीत जातात."

"तू वाचलंस ना आत्ता?" एवढं बोलून ते चहाला गेले.

ती रेघ मारायला मला जे जड गेलं ते पुढे मुलीचं कन्यादान करतानाही गेलं नाही.

पुढे जग बदललं. ट्रान्झिस्टरचा शोध 1947 सालचा. श्रोत्यांच्या पिशवीत तो साठच्या दशकातच जाऊन बसला होता, पण आमच्या मोठ्या व्हॉल्व्हना हुसकावून त्यांच्या जागी बसायला त्याला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. नवा ट्रान्समीटर म्हणजे एकत्र कुटुंब. आत बरीच मॉड्यूल्स शेजारी शेजारी कामाला. एखादं रुसलं तर घराचा आवाज किंचित उतरतो, संसार चालू राहतो. पूर्वी बिघाड झाला की आम्ही धावायचो. आता दिवा लागतो आणि तो दिवा सकाळी बघितला तरी चालतं. डाग द्यायची सोल्डरिंगची सळई माझ्या हातातून गेली. "सर, दुरुस्त करायचं नाही, कार्ड बदलायचं," असं मला माझ्या मुलीच्या वयाच्या इंजिनिअरने शिकवलं. ती मला माऊस धरायलाही शिकवत होती. मी तो स्क्रू-ड्रायव्हरसारखा धरत होतो.

स्टुडिओतही तेच. सेकंदाला साडेसात इंच टेप धावायची. अर्ध्या तासाच्या भाषणाची लांबी 1125 फूट. वक्त्याचा एक अर्ध्या सेकंदाचा 'अं' काढायचा म्हणजे पिवळ्या पेन्सिलीने खुणा करून पावणेचार इंच टेप ब्लेडने तिरकी कापायची आणि पांढरी पट्टी चिकटवायची. वक्ता कितीही अस्खलित वाटला तरी टेप उलगडली की ठिगळं दिसत. संगणकावर कापलेलं कुणाच्या बापाला दिसत नाही. काकांना हे आवडलं नसतं.

आणि लॉगबुक गेलं. नवं यंत्र स्वतःच स्वतःला मोजतं आणि स्वतःच लिहून ठेवतं. आधीचं लिहून ठेवत नाही, मागचं भरत नाही. मी तिला एकदा नवाच्या रीडिंगची गोष्ट सांगितली तर ती हसून म्हणाली, "म्हणूनच तर हे आणलं, सर! श्रोत्याला आवाज हवा. तुमचा प्रामाणिकपणा घेऊन तो काय करणार?"

मला उत्तर सुचलं नाही. ते घरी जाताना बसमध्ये सुचलं, नेहमीप्रमाणे. धर्मराजाचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. तो खाली आला, तेव्हा निदान तो वर होता हे तरी जगाला कळलं. आमचं नवं कपाट पहिल्या दिवसापासून फरशीला नटबोल्टांनी आवळलेलं. त्याला खोटं लिहिताच येत नाही. मग ते खरं लिहितं ह्याचं कौतुक कुणाचं करायचं?

हे भाषण मी तिला देणारच होतो. पण त्याआधी एक झालं. एका दुपारी स्टुडिओकडून येणारी लाइन गेली. ट्रान्समीटर शाबूत, लहर शाबूत, पण तिच्यावर कार्यक्रमच नाही. बावीस मिनिटं आम्ही पूर्ण शक्तीनिशी शांतता प्रसारित केली. पडद्यावर सगळे दिवे हिरवे, आणि यंत्राची नोंद म्हणजे थेट माझं नवाचं रीडिंग : सर्व ठाकठीक. अखेर एका श्रोत्याचा फोन आला.

दोष लाइनचा होता. तसं लिहून मोकळं होता आलं असतं. संध्याकाळी तिने रिपोर्ट सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. खाली हाताने लिहिलेलं होतं : 'मी फोनवर बोलत होते. मॉनिटरचा स्पीकर मी बंद केला होता.' हे कुठल्याच यंत्रात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. "हे कशाला लिहिलंस?" मी विचारलं. "माहीत नाही, सर," ती म्हणाली, "स्पीकर मीच बंद केला होता ना?"

मी सही केली. बसमधलं भाषण तसंच राहिलं.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मध्यंतरी डॉक्टरांनी रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलं. मुलीने यंत्र आणून दिलं. पहिले आठ दिवस नेमाने मोजलं. आकडा हलत नव्हता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दवाखान्यात जायच्या दिवशी चहाबरोबर मी राहिलेल्या अकरा दिवसांची रीडिंगं भरून काढली. 134, 132, 136. थोडा फरकही ठेवला, अनुभव कशासाठी असतो?

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "ते यंत्रही बरोबर घ्या. त्याच्यात म्हणे तारखेसकट सगळं साठतं. बटण दाबलं की दिसतं."

मी अकरा आडव्या रेघा मारल्या. शेजारी 'मोजले नाही' असं अकरा वेळा लिहून अकरा सह्या केल्या. खोडलेलं व्यवस्थित वाचता येत होतं. ह्यात काका किती आणि बटण किती, हा हिशेब रिक्षात बसून करत होतो तोवर दवाखाना आला.

डॉक्टरांनी वही उघडली नाही. बटणही दाबलं नाही. स्वतःचा पट्टा माझ्या दंडाला बांधून त्यांनी पंप दाबला.

"158," ते म्हणाले. "काय हो, कशाची धास्ती घेतलीत?"