मोकळी झाली म्हणजे काय?



बाई बाळंत झाली की आपल्याकडं म्हणतात, मोकळी झाली. अडली होती, सुटली. खालापुरात म्हणतात, कर्जतात म्हणतात, मीही म्हणत आलो. तीन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण दोन दिवस अडली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मोकळी झाली, तेव्हा मी रोलिंग मिलच्या गेटावर रात्रपाळीच्या पोरांना पेढे वाटले. बाळ जिवंत, ताई जिवंत. आणखी काय पाहिजे माणसाला?

हा लेख त्या 'आणखी काय'चा आहे. मी दहावीनंतर भट्टीवर लागलेला माणूस. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. मांडणीत वाकडंतिकडं असेल तर सभेत उभं राहून बोला, मागं कुजबुजू नका.

आधी ताईचं. लोधिवलीहून तिला एका ठिकाणी नेलं, तिथून दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. नावं लिहीत नाही. मला एका इमारतीशी भांडण करायचं नाही, रीत बऱ्याच ठिकाणी तीच आहे. आईला दाराबाहेर ठेवलं. टेबलावर ताई ओरडली तर मांडीवर चापट बसली आणि वर एक शब्द, जो मी इथं छापणार नाही. बायांना तो ठाऊक आहे. चिमटा लावून बाळ ओढलं. टाके घालताना भूल उतरली होती की दिलीच नव्हती, हे तिला आजही माहीत नाही, कारण तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ तिची एक बाई थांबू शकते, हे केंद्र सरकारनं २०१६ सालीच सांगून ठेवलंय. कागद कागदाच्या जागी.

घरी आणली. मूल रडलं की पान्हा फुटायचा, पण ती भिंतीकडं तोंड करून बसायची. मोरीत ताट आपटलं की दचकून उठायची, ट्रेमध्ये हत्यारं टाकल्यासारखा आवाज येतो म्हणायची. झोप नाही. आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलं. शेजारीण म्हणाली, वाडीवरच्या भगताला दाखवा. मी कार्यकर्ता! मी दारात उभा राहून बावीस प्रतिज्ञांवर भाषण दिलं, भगताचं नाव काढाल तर याद राखा म्हणालो. भगत घरात आला नाही. ताईचं दुखणं मात्र घरातच राहिलं. मग मी तिला समजावलं, "अगं, वाचलीस ना? बाळ बघ कसं गुटगुटीत आहे. रडतेस कशाला?" ती माझ्याकडं बघून गप्प झाली. पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता मिलमधली एक गोष्ट सांगतो. लाल झालेली सळई स्टँडमधून सुटून हवेत उडते, त्याला आमच्यात कॉबल म्हणतात. एकदा ती एका जोडीदाराच्या कानाजवळून गेली. कातडीला फोडसुद्धा नाही. पण तो माणूस पुन्हा त्या स्टँडवर उभा राहिला नाही. सुपरवायझरनं शिव्या घातल्या तरी नाही. आम्ही सगळ्यांनी त्याचं समजून घेतलं, त्याची जागा बदलून घेतली. वाचलास ना, मग घाबरतोस कशाला, असं एकानंही त्याला विचारलं नाही. मग माझ्या बहिणीला मी ते कोणत्या तोंडानं विचारलं? लोखंडाची भीती खरी आणि बाळंतपणाची भीती म्हणजे बायकी नखरा, हे मला कुणी शिकवलं?

आता डॉक्टरी शास्त्रही सांगतं की हे दुखणं खरं आहे. अपघातातून, लढाईतून आलेल्या माणसाला जसं तेच तेच पुन्हा दिसतं, तसं अवघड बाळंतपणातून आलेल्या बाईलाही दिसतं. आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य तर फारच पसरलेलं. भारतातले पुष्कळ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आकडा आला होता : शंभरात सुमारे २२ बाळंतिणी. तुमच्या वस्तीतल्या बाळंतिणी मोजा आणि हिशेब करा.

ताईला बोलती केली ती आमच्या आजीनं. आजी सुईण. पोटावर हात ठेवून मूल आडवं की उभं सांगणारी. तिला आता नीट दिसत नाही. रोज संध्याकाळी ती ताईच्या पाठीला तेल लावायची, पोट बांधायची, पेज भरवायची आणि एकच विचारायची, "सांग बाय, पयल्या कळेपासून सांग." ताईनं पहिल्या दिवशी अर्धं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चापटीपाशी आली की ती थांबायची, आजी हात तसाच पाठीवर ठेवून बसायची. सल्ला नाही, उपदेश नाही. कधी कधी एवढंच म्हणायची, "तुझं काय बी चुकलं नाय." दहाव्या-बाराव्या दिवशी ताईनं आपणहून मूल मागून घेतलं. आजही ट्रेचा आवाज आला की ती दचकते, पण मूल छातीशी असतं.

आणि याच आजीचं काम मीच बंद पाडलं होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. गावातल्या एका मोठ्या घरची सून अडली होती, मूल मेलेलं निघालं, ती धड बोलेना की जेवेना. तिनं आजीचं नाव घेतलं म्हणून तिचा सासरा आमच्या दाराशी आला. त्या घरात आजीनं तीन पिढ्यांची बाळंतपणं केली होती. जायचं मागल्या दारानं. चहा मिळायचा, पण कपबशी वेगळी, कौलाखालच्या फळीवर पालथी ठेवलेली. काम झालं की पाच पायल्या भात आणि एक नारळ. बारशाला बोलावणं कधीच नाही. आजी निघाली की पाठीमागं गोमूत्र शिंपडायचे. मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो, ती येणार नाही. पुन्हा या दारात यायचं असेल तर आधी ती कपबशी फोडून या. तो निघून गेला. मला वाटलं, मी महाड केलं.

आजी रात्री म्हणाली, "कपबशी त्या पोरीनं येगळी ठेवली व्हती का रं?"

मित्रांनो, हा प्रश्न मी सात-आठ वर्षं घेऊन फिरतोय. म्हाताऱ्याला जे बोललो त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या ढोराचं मांस सोडा, तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं, ते याच जिल्ह्यात. उत्तर प्रदेशात आपल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढणं आणि नाळ कापणं दोन्ही नाकारलं. नारा-मवेशी आंदोलन म्हणतात त्याला. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. जातीनं लादलेलं काम टाकून द्यायचा हक्क हा माणूसपणाचा पहिला हक्क आहे. त्यावर वाद नाही.

वाद पुढं आहे. मेलेलं ढोर आणि अडलेली बाई एकाच यादीत कुणी घातली? आपण नाही घातली. ज्यांनी जन्माला विटाळ ठरवलं त्यांनी घातली. त्यांच्या लेखी दोन्ही घाण, म्हणून दोन्ही आपल्याकडं. ती सूनसुद्धा सोयर संपेपर्यंत कोपऱ्यातल्या खोलीत, कुणी शिवायचं नाही अशी. त्या दिवसांत त्या घरात दोनच माणसं विटाळाची : ती आणि माझी आजी. आपण ते काम टाकलं तेव्हा त्यांची यादीही डोक्यात तशीच ठेवली की काय, असं मला वाटतं. दाईचं काम म्हणजे घाण काम, हे आज आपलीच शिकलेली पोरं म्हणतात. आजीच्या कामाची मला लाज वाटायची. ती लाज कुणाची होती?

उलट बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल हा जुन्याचे गोडवे गातो. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचा. आपल्या वस्तीत उपाशी बाळंतिणींचे आणि अडाणी हातांचे काय हाल व्हायचे ते तिथं लिहिलंय. आजीच्या हाताखालीही दोन बाया गेल्या, रक्त थांबलं नाही. ती अजून त्यांची नावं घेते. रक्त थांबवायचं इंजेक्शन तिच्याकडं नव्हतं, रक्तपेढी नव्हती, पावसाळ्यात गाडी नव्हती. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ झाली. हे चांगलंच झालं. मला घरातली खाट परत नको. पण दवाखान्यात जाताना आजीचा हात वाटेत गळून पडला, तो कुणी उचलला नाही.

मज्झिम निकायात अंगुलिमालाचं सुत्त आहे. माणसं मारून बोटांची माळ घालणारा तो भिक्खू होतो, सावत्थीत भिक्षेला फिरताना त्याला अडलेली बाई दिसते. तो हलतो, परत येऊन बुद्धाला सांगतो. ही बायकांची भानगड, भिक्खूनं त्यात पडू नये, असं बुद्ध म्हणत नाही. त्याला तिच्याकडं परत पाठवतो. तो जाऊन तिच्यासमोर सत्य बोलतो, आई आणि बाळ सुखरूप होतात. सत्य बोलल्यानं मूल बाहेर येतं, हे मी मानत नाही, तुम्हीही मानू नका. श्रीलंकेत आजही गरोदर बाईसाठी ते परित्त म्हणतात, म्हणोत. मला त्यातली वेगळी गोष्ट धरून ठेवते. हातावर सगळ्यात जास्त रक्त असलेला पुरुष, आणि त्यालाच बाळंतिणीकडं जायला सांगितलं. विटाळाचा शब्दही नाही. माझ्या हातावर रक्त नाही, पण त्या सुनेच्या दारापर्यंत मीही गेलो नाही.

आपल्या कवितेत पानोपानी 'वेदना' असते. आजी कळांना 'वेणा' म्हणते. शब्द एकच, तिच्या तोंडात झिजून तसा झालाय. आपण पुस्तकातला घेतला, तिचा घरात ठेवला. रमाईचंच बघा. पाच लेकरांतली चार गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब किती मोडले होते ते त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. रमाईचं पत्र नाही. आपण तिला त्यागमूर्ती म्हटलं, गोवऱ्यांची गाणी केली, तसबिरीला हार घातला. ती रात्री झोपत होती का, कुणापाशी बोलत होती का, हे कुठल्या जयंतीला विचारलंय? मीही नाही विचारलं. वक्ता म्हणून दोनदा बोललोय तिच्यावर.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल उचलून धरलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळाला पाहिजे, ते देशाच्या हिताचं आहे; भार मुख्यतः सरकारनं उचलावा, पण मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. 'नंतर' हा शब्द महत्त्वाचा. ताई ठेकेदाराकडं पॅकिंगला होती. २०१७ पासून कायद्यात २६ आठवडे पगारी रजा आहे. ताईला चाळिसाव्या दिवशी निरोप आला, येतेस की दुसरी घेऊ? आजीला दहा-बारा संध्याकाळी लागल्या त्या तेल लावायला नव्हे, ऐकायला. भरलेल्या मनाला वेळ लागतो, आणि गरिबाकडून पहिला हिसकावला जातो तो वेळच.

मग करायचं काय? मदत करणं हे काही बाईच्या रक्तात नसतं, ते शिकता येतं. गोव्यात 'संगात' संस्थेनं साध्या घरच्या आयांना शिकवून नैराश्यात गेलेल्या गरोदर बायांकडं, बाळंतिणींकडं पाठवलं. फरक डोंगराएवढा नव्हता, पण दिसला. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये सुईणपणाचं धोरण काढलं : नर्स झालेल्या मुलीला आणखी अठरा महिन्यांचं शिक्षण, आणि बाळंतिणीला मानानं वागवणं हा त्या शिक्षणाचाच भाग. आपल्या वस्त्यांतून कितीतरी पोरी नर्सिंगला जातात. त्यांना आपण सांगतो, सरकारी नोकरी धर. त्यांच्यातल्या चौघींनी हे शिक्षण घ्यावं म्हणून आपण कधी मागं लागलो? पगारानं, पाटीवर नाव लावून, पुढल्या दारानं जाऊन करायचं हे काम. ती कपबशी तिथं चालणार नाही. आणि आजीसारख्या ज्या दोन-चार म्हाताऱ्या उरल्यात त्यांना त्या पोरींपुढं बसवा. नाळ कशी कापायची ते नका विचारू, ते नर्सला जास्त चांगलं येतं. त्यांना विचारा, बाई गप्प झाली की काय करायचं.

कर्जतचा एक साथी म्हणाला, हा विषय शिबिराचा नाही. अत्याचार, जमीन, आरक्षण असे विषय पडलेत. मी त्याला म्हटलं, टेबलावर बसलेली चापट अत्याचारात धरायची की नाही, ते आधी ठरव. तो म्हणाला, बघू.

चौकच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारचा तास मी मागून घेतलाय. मी बोलणार नाही. ताई बोलेन म्हणालीय. तिच्या दोन अटी आहेत : आजीला पुढं खुर्ची द्यायची आणि पुरुषांनी मागं खाली बसायचं. मधे कुणी उठायचं नाही. त्या घरच्या सुनेलाही निरोप धाडलाय. सासऱ्याकडं नाही, तिच्याकडं. अजून उत्तर आलेलं नाही.